म्हाताऱ्या माणसांसाठी चालायचा रूट कसा आखायचा, आमच्या सोलापुरातला अनुभव

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डॉक्टरांनी "रोज चालत जा" एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कुठं चालायचं, किती चालायचं, मधे दम लागला तर टेकायचं कुठं, ह्यातलं काहीच चिठ्ठीवर नव्हतं. अण्णांचं वय ७८, गिरणीत सगळी नोकरी साच्यावर, म्हणजे तिथल्या यंत्रावर, उभं राहून झालेली, दोन्ही गुडघे गेलेले, बीपीची गोळी चालू, आणि साच्यांच्या आवाजानं कान कमी झालेले. पहिले तीन दिवस उत्साहात गेले, चौथ्या दिवशी आमच्याच कॉलनीच्या कोपऱ्यावर वर आलेल्या चेंबरच्या झाकणाला पाय लागून पडले. हाड वाचलं, तळहात सोलले, चष्मा गेला. पण खरं नुकसान नंतर कळलं, माणूस आतून घाबरला, दीड महिना गेटच्या बाहेर पाऊल टाकलं नाही.

तेव्हापासून मी ह्या नादाला लागलोय. मी इंजिनियर वगैरे नाही, जुळे सोलापुरात माझं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, त्यामुळं टेप, पाईप, पेंट, सिमेंट ह्यातलं कळतं एवढंच. अण्णांसाठी एक रूट आखला, मग शेजारच्या दोन काकांसाठी कंबर तलावाकडचा आखला, आता मावशीसाठी पेठेतला चालू आहे. ह्यात जे शिकलो ते क्रमानं लिहितोय, ज्याला करायचंय त्यानं एक रविवार काढावा, होतंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. सगळे पहिला प्रश्न विचारतात, रूट किती किलोमीटरचा? ते सगळ्यात शेवटी बघायचं. म्हातारं माणूस त्या रूटवर चालेल का नाही हे दोनच गोष्टींवर ठरतं, रूटमधले सगळ्यात वाईट दहा फूट कुठले आणि बसायला जागा कुठं कुठं आहे. बाकीचा रस्ता कितीही गुळगुळीत असू द्या, ते दहा फूट वाईट असले की माणूस तिथंच पडतो किंवा तिथून परत फिरतो.

आधी माणूस मोजा, मग रस्ता

घरासमोर सपाट जागेवर टेपनं २० मीटर मोजा, दोन्ही टोकांना खडूची रेघ मारा आणि त्यांना नेहमीच्या चालीनं चालू द्या. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा पण त्यांना सांगू नका, सांगितलं की शर्यत लावल्यासारखे पळतात, अण्णांनी पहिल्यांदा तेच केलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप मोजलं तर २६ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला पाऊण मीटरपेक्षा थोडं जास्त. सिग्नलचं टायमिंग ठरवताना साधारण १.२ मीटर सेकंदाला धरायची पद्धत आहे, म्हणजे तो हिशोब तुमच्या-माझ्यासाठी झाला, अण्णांसाठी नाही. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढं रस्ता ओलांडताना लागतो.

दुसरी चाचणी खुर्चीची, डॉक्टर लोकही हीच करतात. हाताच्या खुर्चीत बसवायचं, समोर ३ मीटरवर रेघ, उठून रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. अण्णांना १७ लागले. असं आलं तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा, काठी हवी का वॉकर हे तेच ठरवतील. काठी असेल तर तिची मूठ माणूस सरळ उभा असताना मनगटाच्या घडीपाशी यायला हवी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. आपल्याकडं निम्मे लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात. खालचं रबरी बूच झिजलंय का तेही बघा, अण्णांचं झिजून आतला पाईप फरशीवर वाजत होता आणि घरातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, मी तर दुकानात तसली बुचं विकतो.

तिसरं, न थांबता किती जातात ते. मीटरमधे मोजू नका, विजेच्या खांबात मोजा, कारण रस्त्यावर दिसतात तेच. आमच्या गल्लीत दोन खांबात २८ मीटर भरले, तुमच्या गल्लीतलं एकदा टेपनं बघून घ्या. अण्णा चार खांब जाऊन थांबायचे. मी रूट आखताना दोनच धरले, कारण एखाद्या दिवशी झोप झालेली नसते, गुडघा सुजलेला असतो, आणि रूट त्या दिवसासाठी आखायचा असतो.

मग गोळ्या. बीपीच्या गोळीनं काहींना एकदम उभं राहिलं की चक्कर येते, म्हणून उठल्यावर कॉटवरच मिनिटभर बसायचं, मग उभं राहून जरा थांबायचं, मग निघायचं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी पाठवू नका, खिशात खडीसाखर ठेवाच. लघवी जास्त होणारी, आपण 'पाण्याची गोळी' म्हणतो ती सकाळी घेतली की पुढचे दोनतीन तास बाथरूम जवळ लागतं, मग एकतर गोळीच्या आधी चालून यायचं किंवा वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचारायचं. मनानं गोळी पुढंमागं करू नका.

आणि शेवटचं म्हणजे त्यांना जायचंय कुठं हे विचारा. मी पहिल्यांदा अण्णांना कॉलनीतल्या बागेभोवती गोल फिरायला सांगितलं तर म्हणाले, "गोल गोल फिरायला मी काय घाण्याचा बैल हाय काय?" बरोबरच होतं. त्यांना जायचं होतं दूधकेंद्राजवळच्या कट्ट्यावर, तिथं गिरणीतले दोन जुने सोबती बसतात आणि पेपर असतो. रूट तिथं नेला आणि दुसऱ्या दिवसापासून सांगावं लागलं नाही. देऊळ असेल, वाचनालय असेल, भाजीवाली असेल, काहीतरी हवंच.

तीन चकरा, तीन वेळा

मोबाईलच्या नकाशात गल्ली दिसते, पायरी दिसत नाही, कुत्री तर नाहीतच. म्हणून स्वतः चाला. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी अंधार पडताना, आणि एकदा पाणी येतं त्या दिवशी. ही तिसरी चकर फक्त सोलापूरकरालाच कळेल. आपल्याकडं पाणी रोज नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्ख्या गल्लीत आडव्यातिडव्या रबरी नळ्या पडलेल्या असतात, कुणी गाडी धुतंय, कुणी अंगण धुतंय, टाकी भरून वाहतेय. एरवी कोरडा ठणठणीत असलेला रस्ता त्या दिवशी वेगळाच असतो. आमच्या रूटवर पाण्याच्या दिवसासाठी वेगळी गल्ली धरलीय, तिकडं पाणी दुसऱ्या दिवशी येतं.

सामान काही फार नाही. टेप, खडू, अर्धी भरलेली पाण्याची बाटली, दोन फूट लांब सरळ लाकडी पट्टी, वही. पहिली चकर एकट्यानं मारा, दुसऱ्यांदा त्यांना बरोबर घ्या आणि त्यांच्या मागून चाला, पुढून नाही. पुढं चाललात तर ते तुमच्या पाठीकडं बघत येतात आणि तुम्हाला त्यांचे पाय दिसत नाहीत. मागून चाललं की कळतं कुठं पाऊल आखूड झालं, कुठं हात भिंतीकडं गेला, कुठं बोलायचे थांबले. बोलणं थांबलं म्हणजे तिथं सगळं लक्ष पायाकडं लागलंय, तिथं खडूनं गोल करा. आमच्या पहिल्या चकरीत ६०० मीटरमधे ११ गोल झाले.

वाईट दहा फूट

ह्यात सगळ्यात जास्त वेळ घाला. चालताना पायाचा अंगठा जमिनीपासून फार वर नसतो, एकदोन सेंटीमीटर फक्त, आणि वयानं पाय घासत टाकायची सवय लागते. त्यामुळं आपल्याला दिसतही नाही असा पाव इंचाचा उंचवटासुद्धा त्यांना पाडू शकतो. मोठा खड्डा त्या मानानं बरा, तो दिसतो तरी. पेव्हर ब्लॉक खालची माती बसली की एकाआड एक वरखाली होतात, विशेषतः जिथं पाईपसाठी चर खणून परत बुजवलाय तिथं, अशा पट्ट्यात प्रत्येक ब्लॉकवर टाचेनं दाबून बघा, डुलतो का. चेंबरचं झाकण रस्त्याच्या वर आलंय का खाली गेलंय ते पट्टी आडवी ठेवून बघा. जाळी असेल तर तिच्या फटी १२ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नकोत आणि चालायच्या दिशेला आडव्या हव्यात, उभ्या असल्या की काठीचं टोक नेमकं आत जातं.

घसरणं वेगळं. आपल्याकडं शहाबादी फरशी सगळीकडं, खडबडीत असेल तर एक नंबर, पण घासून गुळगुळीत झालेली फरशी पाणी पडलं की बर्फ. दुकानांच्या पुढं लावलेल्या चकचकीत टाइल्स त्याहून वाईट, मी स्वतः विकतो तरी सांगतो, बाहेर लावू नका. नळ गळतो तिथलं शेवाळ बघा. सकाळी सडा टाकलेला असतो, त्यावर रांगोळी, आणि कोरड्या टाइलवर सांडलेली रांगोळीची पूड पायाखाली बारीक वाळूसारखी सरकते. रांगोळी काढू नका असं कुणाला सांगणार, पण आमच्या गल्लीतल्या वहिनींना विनंती केली की चालायच्या पट्ट्यात नको, उंबऱ्याकडं घ्या, सगळ्यांनी ऐकलं.

मग आडवा उतार. हा कुणाच्या ध्यानातच येत नाही. प्रत्येक घरमालकानं गाडी आत घ्यायला गेटपुढं उतार केलाय, त्यामुळं रस्त्याची कड लाटांसारखी झालीय, एक पाय वर एक पाय खाली असं चालावं लागतं आणि दुखऱ्या गुडघ्याला आणि कमरेला ते फार लागतं. पट्टी रस्त्याला आडवी धरा, वर बाटली आडवी ठेवा, पाणी सरळ दिसेपर्यंत पट्टीचं खालचं टोक उचला आणि किती उचललं ते मोजा. दोन फुटाला अर्ध्या इंचापर्यंत ठीक, म्हणजे पन्नासाला एक. आमच्याकडं तीन तीन इंच निघाले. अशा ठिकाणी कड सोडून रस्त्याच्या आतून जाता येतं का बघा, गल्ली शांत असेल तर आतलाच भाग जास्त सपाट असतो.

रुंदीचं म्हणाल तर इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात वस्तीतल्या फुटपाथला चालायला मोकळी १.८ मीटर रुंदी आणि २.२ मीटर उंची सांगितलीय. वाचून हसू येतं. प्रत्यक्षात विजेचा डीपी, झाड, बोर्ड, पानटपरी, लावलेल्या बाइक, ह्यातून जे उरतं ते तुमचं. मी एवढंच बघतो की एखाद्या अडथळ्यापाशी निदान ९० सेंटीमीटर सुटतात का, आणि बाकी ठिकाणी १.२ मीटर मिळतात का, म्हणजे कुणी दंड धरून बरोबर चालू शकतं. उंचीही बघा, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या आणि पत्र्याच्या शेडचे कोपरे बरोबर डोक्याला लागतात.

फुटपाथच नसेल तर उजव्या कडेनं चालायचं, समोरून गाडी दिसली पाहिजे. पूर्व भागात तर हे पाळाच. अशोक चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत यंत्रमागाची खटखट एवढी असते की चांगल्या कानाच्या माणसालाही मागून आलेली रिक्षा ऐकू येत नाही.

पायऱ्या आणि उतार

फुटपाथची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको असा नियम आहे, पण गटारावर स्लॅब टाकून केलेला फुटपाथ कुठं कुठं फूटभर वर असतो. म्हातारं माणूस असल्या फुटपाथवर चढतच नाही, खालून गाड्यांमधून चालतं, आणि मग लोक म्हणतात फुटपाथ असून रस्त्यावरनं का चालतात!

उतार करायचा तर बाराला एक. म्हणजे आपल्या दोन फुटी पट्टीला दोन इंच. सहा इंच चढायला सहा फूट उतार लागतो, एक फूट चढायला बारा फूट. बाइक चढवायला दोन फुटात जो उभा सिमेंटचा गोळा केलेला असतो तो उतार नव्हे, त्यावर काठी घसरते. लांब उतार असेल तर दर ९ मीटरला सपाट टप्पा हवा. आणि एक गैरसमज काढून टाका, सगळ्या म्हाताऱ्यांना उतार बरा वाटतो असं नाही. व्हीलचेअरला आणि वॉकरला उतारच लागतो, पण गुडघे दुखणाऱ्याला उतरताना उतारावर ब्रेक लावत यावं लागतं, त्यापेक्षा कठडा असलेल्या दोन बुटक्या पायऱ्या त्याला सोप्या जातात. जागा असेल तर दोन्ही ठेवा.

कठडा हा माझा विषय, म्हणून जरा लांबण लावतो. पाईप गोल हवा, ३८ ते ४५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे बोटं पूर्ण वळून मुठीत येतो. लोक चौकोनी पाईप नेतात, दिसायला भारी पण पकड नाही. उंची ८५ ते ९० सेंटीमीटर. भिंतीला लावला तर मधे चारपाच सेंटीमीटर जागा, नाहीतर बोटं सोलतात. आणि मुख्य म्हणजे कठडा पहिल्या पायरीच्या अलीकडं आणि शेवटच्या पायरीच्या पलीकडं निदान ३० सेंटीमीटर पुढं गेला पाहिजे, कारण माणूस पडतो तो शेवटच्या पायरीवर, जिथं कठडा संपलेला असतो. उन्हात स्टीलचा पाईप हात लावू देत नाही, सावली नसेल तर रबरी आवरण घाला.

पायरीच्या कडेला पाच सेंटीमीटरची पिवळी पट्टी मारा, रोड मार्किंगचा पेंट घ्या, साधा ऑइल पेंट घसरतो. पट्टीचं कारण चष्मा. खाली जवळचं आणि वर लांबचं असे दोन नंबर एका काचेत असले की खाली बघताना पायरी जवळच्या काचेतून दिसते आणि कड धूसर होते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे अण्णांना पाठ करून घेतलंय, नातू रोज परीक्षा घेतो.

बसायला जागा

ब्रिटनमधे सार्वजनिक जागांसाठी 'इन्क्लुझिव्ह मोबिलिटी' नावाची मार्गदर्शिका आहे, तिच्यात वर्दळीच्या ठिकाणी दर ५० मीटरच्या आत बसायला काहीतरी असावं असं म्हटलंय. आमचे दोन खांब ५६ मीटर, जवळपास तेच आलं. पण एवढे बाक आणायचे कुठून? आणायचे नाहीत, आधी आहे ते मोजायचं. कट्टे, पार, दुकानाचे ओटे, देवळाची पायरी, बंद पडलेल्या टपरीचा ठोकळा, सगळं वहीत घ्या आणि प्रत्येकाची उंची लिहा. बसायला ४५ सेंटीमीटर बरोबर. ३० असेल तर बसता येतं, उठता येत नाही. ६० असेल तर पाय लोंबकळतात.

अण्णांना मी एक एक कट्टा बसून दाखवायला सांगितलं. लिंबाच्या पाराला बसले, उठताना उजवा हात मागं टेकला, हाताला काही लागेना, मग डावा हात माझ्या खांद्यावर, मग एक झोका घेऊन उठले. पाराची उंची ३४. तिथून तीस पावलांवर एका किराणा दुकानाचा ओटा, ४७, शेजारी शटरची चौकट, तिला धरून एका दमात उठले. सावली पाराला, उंची ओट्याला! शेवटी पाराच्या एका बाजूला विटांचा एक थर चढवून वर शहाबादी टाकली आणि शेजारी पाईपचा एक दांडा रोवला, खर्च फार नाही, पारावर देव होता म्हणून आधी पुजाऱ्यांना विचारलं.

नवा बाक टाकायचा तर आपल्याकडं 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' बाक द्यायची चांगली रीत आहे. देणाऱ्याला फक्त एवढं सांगा की पाठ हवी आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, कारण म्हातारं माणूस हातावर जोर देऊनच उठतं. नाव मोठं, बाकाला हातच नाहीत, असे किती दाखवू. सिमेंटचा बाक उघड्यावर टाकू नका, एप्रिलमधे त्याचा तवा होतो. शेजारी तीन फूट जागा मोकळी सोडा, व्हीलचेअरवाल्यालाही गप्पात बसायचं असतं. आणि जिथं काहीच नाही तिथं दुकानदाराला विचारून एक खुर्ची. आमच्या रूटवर दोन दुकानदार सकाळी खुर्ची बाहेर काढून ठेवतात, पण प्लॅस्टिकची जुनी खुर्ची उतारावर पाय फाकून बसते, ती नकोच.

रस्ता ओलांडणं

जमेल तिथं मोठा रस्ता रूटमधे घेऊच नका. सात रस्ता चौकातून म्हाताऱ्या माणसाला नेणं म्हणजे नावातच उत्तर आहे. पण कुठं तरी ओलांडावाच लागतो. हिशोब सोपा, रस्त्याची रुंदी भागिले त्यांचा वेग, वर तीन सेकंद, कारण निघायला वेळ लागतो. ७ मीटरचा रस्ता, अण्णांचा वेग ०.७७, म्हणजे नऊ सेकंद अधिक तीन, बारा सेकंद. आता तिथं उभं राहून बघा, दोन गाड्यांच्या मधे बारा सेकंद मिळतात का, त्यांच्या चालायच्या वेळेला. साडेसहाला मिळतात, साडेआठला शाळेच्या रिक्षा सुरू झाल्या की मिळत नाहीत. आमच्या रूटची वेळ अशी ठरली.

दुभाजक असेल तर मधे थांबायची जागा निदान सव्वा मीटर खोल हवी आणि सपाट हवी. स्पीड ब्रेकरजवळून ओलांडा, गाड्या हळू असतात, पण त्याच्या उंचवट्यावरून चालू नका. लावलेल्या दोन गाड्यांच्या मधून कधीच बाहेर पडू नका.

ऊन, अंधार, कुत्री, आणि लघवी

आपल्या उन्हाबद्दल सोलापूरकराला काय सांगायचं, एप्रिल-मेमधे पारा चाळिसाच्या वर जातो आणि संध्याकाळी सातला सुद्धा भिंतींमधून वाफ येते. वयानं तहान कमी लागते, घामही कमी येतो, त्यामुळं तहान लागली की पाणी प्यायचं हे त्यांच्या बाबतीत चालत नाही, ठरलेल्या बाकावर दोन घोट असा नियमच करा. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी मात्र त्यांना विचारूनच. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरी. उत्तर-दक्षिण गल्लीत सकाळी पूर्वेकडच्या घरांच्या कडेला सावली असते, संध्याकाळी पश्चिमेकडच्या, म्हणून जाताना कुठली बाजू ते वेळेप्रमाणे लिहून ठेवा. हिवाळ्यात उलटं, सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जुन्या सवयीनं पाचला उठून अंधारात निघतात, त्यांना थांबवा.

कुत्र्यांचं, ती कुठं बसतात आणि कुणी कधी खायला घालतं ते बघा, खायच्या वेळेला तिथून जायचंच नाही. काठी उगारायची नाही, पळायचं नाही, थांबून हळू बाजूनं.

लघवीची सोय ह्यावर कुणी बोलत नाही आणि निम्मी म्हातारी माणसं, बायका तर जास्तच, ह्याच कारणानं घराबाहेर पडत नाहीत. पंधरावीस मिनिटांच्या टप्प्यात एक तरी जागा हवी. पेट्रोल पंप, देऊळ, दवाखाना, ओळखीचं घर. आत जाऊन बघून या, कुलूप असतं का, पायऱ्या किती, कमोड आहे का उकिडवं बसायचं, धरायला काही आहे का.

रूट जोडा

एक लांब सरळ रूट करू नका, अर्ध्यात दमलं की अर्धं परत यायचं असतं. घर मधे ठेवून पाकळ्यांसारखे दोनतीन छोटे फेरे करा, दोनतीनशे मीटरचे. एक झाला, बरं वाटलं, दुसरा करा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि वयस्करांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही. १५० एकदम ऐकून घाबरू नका, दहा दहा मिनिटांचे तुकडेही धरतात. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढा वेग बरोबर. छातीत दुखलं, घाम सुटला, चक्कर आली तर तिथंच बसायचं आणि १०८ ला फोन. खिशात एक कार्ड ठेवा, नाव, घरचा नंबर, चालू गोळ्या. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही मागं लिहून ठेवा.

लांबच्या ठिकाणाला रिक्षा अधिक चालणं असा रूट करा. अण्णा दरवर्षी १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्याला फूल वाहायला जातात, १९३१ साली त्याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्यांना फाशी दिली. तेच दिवस गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे, होम मैदान आणि सिद्धेश्वर परिसर गर्दीनं भरलेला. म्हणून रिक्षा अलीकडंच सोडते, शेवटचे चार खांब चालायचे, मधे एकदा बसायचं, सकाळी आठच्या आत. गड्ड्याच्या दिवसात, श्रावणी सोमवारी, नवरात्रात रूपाभवानीकडं, तुमच्या रूटवर काय काय होतं ते आधीच लिहून पर्यायी गल्ली ठरवा.

दुरुस्ती कशी करून घ्यायची

पिवळी पट्टी, शेवाळ घासणं, कट्ट्याला दांडा, हे आपलं आपण, मालकाला विचारून. रस्ता, फुटपाथ, चेंबर ह्याला स्वतः हात लावू नका. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या, पण 'रस्ता खराब आहे' असा अर्ज देऊ नका, तो फाइलीत झोपतो. असा लिहा: "अमुक कॉलनी, अमुक दुकानासमोर, विजेच्या खांबापासून चार पावलांवर चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा ५ सेंटीमीटर वर आहे, दिनांक अमुक रोजी ७८ वर्षांचे नागरिक पडले, झाकण रस्त्याच्या पातळीत बसवावे." बरोबर टेप ठेवून काढलेला फोटो. एका अर्जात एकच जागा, आणि आवक नंबर टाकून पोच घेतल्याशिवाय हलू नका. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार टाका. आमच्या ११ गोलांपैकी चार आम्हीच मिटवले, तीन अर्जानं झाले, त्यातल्या एकाला सात महिने लागले, दोन जागा रूट वळवून टाळल्या आणि दोन तशाच आहेत, तिथं अण्णा माझा दंड धरतात.

दर पावसाळ्यानंतर आणि कुणीही चर खणला की परत चकर मारा. अण्णांनी आता स्वतःच खिशात खडू ठेवलाय.

मावशीचा रूट मात्र अडलाय. ती पेठेत जुन्या वाड्यात राहते, आयुष्यभर विड्या वळल्यात, कंबर वाकलेली, आणि दाराबाहेरच्या तीन पायऱ्या एकदम रस्त्यावर उतरतात, एका बाजूला दुकानाचं शटर, दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्याचा जिना. उताराला सहा फूट सोडा, दोन फूट जागा नाही. सध्या भिंतीत गोल पाईप बसवून दिलाय, खालच्या पायरीला तीन इंचाचा अर्धा टप्पा केलाय, आणि शेजारची पोरं सकाळी तिला धरून उतरवतात. खाली आली की पुढं दत्त मंदिरापर्यंत दोन बसायच्या जागा तयार आहेत. त्या तीन पायऱ्यांना कुणाला काही सुचलं तर सांगा.